चिऊचा घास, काऊचा घास आणि आता इस्त्रीवाल्याचाही घास

पाणीपुरी_तिखट
मंडळी, डोक्याला हात लावून हा धागा काढतेय. आमची चिंगी (वय सव्वादोन, मुक्काम डोंबिवली) जेवत नाही. म्हणजे जेवते, पण तिचं एक जेवण म्हणजे घरातल्या तिघांचा पूर्णवेळ उद्योग.

दृश्य असं. सासूबाई वाटीत वरणभात कालवतात, वर तूप, लिंबाचे दोन थेंब. चिंगी सोफ्यावर. हा चिऊचा, हा काऊचा. चिंगी सोफ्यामागे. हा पुण्याच्या मावशीचा, हा मामाचा. चिंगी बाल्कनीत. नातेवाईक संपले की सोसायटी सुरू होते. वॉचमनकाका झाले, दूधवाले झाले, लिफ्ट दुरुस्त करायला आलेला दादा झाला. काल आईंनी शेवटचा उपाय म्हणून इस्त्रीवाल्याचा घास काढला, तर कार्टी तोंड घट्ट मिटून म्हणते, "त्याचा त्याला दे. त्याला भूक लागली."

आम्ही हसलो. आम्ही हसलो की तिला कळतं, आजचं जेवण बारगळलं.

आता मुद्द्याचं. आईंनी हल्ली मोबाईल सुरू केलाय. व्हिडिओ लावला की तोंड आपोआप उघडतं आणि वाटी चाटूनपुसून साफ. मला ते पटत नाही, पण दुपारी मी ऑफिसात असते आणि घरी त्या एकट्या असतात. त्यांना सांगू कसं? सांगू का? आणि दुसरं, तिला तिच्या हातानं जेवू द्यावं असं मला वाटतं. आईंचं म्हणणं, "पोटात दोन घास जातील नि फरशीला दहा."

अनुभव सांगा, गमती सांगा. नुसता उपदेश नको, त्यासाठी घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर माझी आत्या आहे.

रिकामटेकडा
इस्त्रीवाल्याचा घास! हहपुवा (हसून हसून पुरेवाट)! मुलगी मोठेपणी कामगार नेता होणार.

तांबडा_पांढरा
आमचं पोरगं अडीच वर्षांचं. घरात चपाती बघितली की तोंड फिरवतंय. शेजारच्या काकूंकडं तीच चपाती गुळतूप लावून दोन खाऊन येतंय. बायकोला लई राग यायचा. मग आम्ही आयडिया काढली. आमच्याच चपात्या डब्यात भरून मागच्या दारानं काकूंकडं द्यायच्या आणि पुढच्या दारानं पोरगं सोडायचं. काकू ताटात वाढायच्या, बेणं मटामटा खायचं.

मस्त चाललेलं. एक दिवस काकूंनी डबा ओट्यावरच ठेवला. पोरानं बघितला, झाकणावरचं माझ्या आईचं कोरलेलं नाव बोटानं चाचपलं आणि "आमचा डबा! काकूनी घेतला!" म्हणून जी बोंब ठोकली, ती तालमीपर्यंत ऐकू गेली. आता काकूंकडंपण खात नाही. डबा तेवढा रोज मोजून परत आणतंय.

गोधडी
तांबडा_पांढरा, "डबा मोजून परत आणतंय" ला फुटले. ऑफिसात आहे, सगळे वळून बघताहेत.

स्पष्टवक्ता६१
चोचले आहेत सगळे. आम्ही पाच भावंडं. आईनं एकदा ताट वाढलं की वाढलं. खाल्लं तर खाल्लं, नाहीतर पुढच्या वेळेपर्यंत तसंच. कुणी मागे पळत नव्हतं आणि कुणी उपाशी मेलं नाही. भूक लागली की मूल बरोबर खातं. मागे धावणं बंद करा, दोन दिवसांत सरळ होईल.

गोधडी
काका, पाच भावंडांत जो उशीर करेल त्याचं ताट बाकीचे चौघे साफ करायचे. एकुलत्या एका मुलाला ती स्पर्धा कुठून आणायची?

आजी_ऑन_ड्यूटी
मी पलीकडच्या बाजूनं लिहिते. दोन नातवंडं सांभाळते, मोठा शाळेत जातो, धाकटी पावणेदोन वर्षांची.

भरवू नका, मोबाईल दाखवू नका, ओरडू नका, गोड देऊ नका, हे सगळं बरोबर असेल. पण संध्याकाळी लेक-सून घरी आले की चपला काढता काढता पहिला प्रश्न असतो, "जेवली का नीट?" कसं जेवली, कुणाच्या हातानं जेवली, हे कुणी विचारत नाही. किती जेवली हे विचारतात. मग मी पण 'किती'चीच तयारी करून ठेवते. गुडघे दुखतात माझे. सोफ्यामागे वाकून भरवायची हौस नाही.

मोबाईलचं म्हणाल तर आमच्याकडे पहिल्यांदा तो आजीनं नाही दिला. बेंगळुरूच्या विमानात शेजारचे वैतागले म्हणून तिच्या बापानं दिला. तेव्हापासून जेवताना मागते. बिल मात्र माझ्या नावावर फाटलं.

पाणीपुरी_तिखट, तुमच्या सासूबाईंशी बोला, पण "तुम्ही चुकताय" असं म्हणू नका. "आई, उद्यापासून कमी जेवली तरी चालेल, मी विचारणार नाही," एवढंच म्हणा आणि खरंच विचारू नका. पुढचं त्यांचं त्या बघतील.

कंदी_पेढा
आजी, दंडवत घ्या. हा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावते.

पाणीपुरी_तिखट
आजी, गप्पच केलंत. चपला काढता काढता विचारणारी मीच. आज विचारणार नाही.

डॉ_फुंकर
पेशानं बालरोगतज्ज्ञ, त्यामुळे थोडा उपदेश खपवून घ्या. ओपीडीत "जेवतच नाही हो" हे वाक्य मी सर्दी-खोकल्याइतकंच ऐकतो, आणि बहुतेक वेळा हे वाक्य ऐकत असताना ते मूल माझं वजनाचं मशीन उपसून काढत असतं.

साधा हिशेब आहे. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या साधारण तिप्पट होतं, म्हणजे 3 किलोचं बाळ वाढदिवसाला 9 किलोच्या आसपास. दुसऱ्या वर्षात भर पडते ती जेमतेम 2 ते 2.5 किलोची. वाढीचा वेगच उतरला की भूकही उतरते. आईबाप मात्र पहिल्या वर्षाचीच वाटी घेऊन मागे लागलेले असतात. त्यात दोन वर्षांनंतर नव्या चवीची, नव्या रंगाची भीती वाटायला लागते. काल खाल्लेली भेंडी आज विष. हे आजारपण नाही, वयाचा भाग आहे. नवा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल तो तोंडात घालतं. आपण तिसऱ्या वेळी "हिला आवडत नाही" असा शिक्का मारून मोकळे होतो.

माझा पहिला प्रश्न मात्र नेहमी दुधाबद्दल असतो. दिवसभरात किती जातं? या वयाला 400-500 मिली भरपूर झालं. त्याच्या दुप्पट जात असेल तर वरणभाताला जागा कुठे राहणार? दुधात लोह नगण्य असतं. नुसत्या दुधावर पोसलेली गोरीगोमटी गुबगुबीत मुलं हिमोग्लोबिन तपासलं की जेमतेम 8 वर निघतात.

तपासणीला कधी आणायचं? वजन काही महिने जागचं हलत नसेल किंवा उतरत असेल, मूल फिकट दिसत असेल, माती-चुना खात असेल, घास गिळताना त्रास होत असेल. जंताचं औषध दर सहा महिन्यांनी द्यायचं विसरू नका, अंगणवाडीत फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये फुकट मिळतं.

स्पष्टवक्ता६१, दोन दिवस उपाशी ठेवून सरळ करणं हा उपाय नाही. पण मागे धावू नका, एवढं तुमचं बरोबर.

स्पष्टवक्ता६१
चला, निम्मा तरी बरोबर निघालो. घरात तेवढंही कुणी म्हणत नाही.

शेवगा_शेंग
डॉक्टर, तुमचा दुधाचा प्रश्न मी घरी विचारला आणि स्फोट झाला. सकाळी मी एक कप देते. आई म्हणाल्या, अकराला मी देते. बाबा म्हणाले, चारला माझ्याबरोबर घेतो. झोपताना नवरा देतो. ज्याला त्याला वाटत होतं, आपणच देतोय! त्यात बाबांच्या चारच्या कपाचा जरा संशय आला म्हणून शनिवारी लपून बघितलं. कसलं दूध! आजोबा-नातू गॅलरीत मांडी घालून बसलेले, मधे बशी, बशीत चहा. बिस्किट बुडवायचं, ते मोडून आत पडायचं आणि दोघांनी मिळून चमच्यानं शोधायचं. नातवानं मला बघितलं आणि घाईघाईनं आजोबांना म्हणाला, "लपव, लपव."

दुधाचे आता दोन कप. चहाच्या बशीबद्दल बाबांशी वाटाघाटी चालू आहेत.

रिकामटेकडा
वाटाघाटी चहा पिता पिता करा.

वऱ्हाडी_ठेचा
आमचं पोट्टं घरातलं सगळं बाहेर जाऊन सांगते. परवा पाहुणे आले. पोट्ट्यानं दार उघडलं, पाह्यलं आणि आत वळून वरडलं, "आई, ते जास्त बसनारे काका आले!" आता काय बोलाव बाप्पा. काका हसले. पण त्या दिवशी लवकर गेले हे खरं.

कंदी_पेढा
अवांतर आहे, पण राहवत नाही. भाजीवाल्या मावशींनी लाडानं कन्येला टोमॅटो दिला. ती त्यांना म्हणाली, "आई म्हणते तुम्ही महाग लावता." मी जवळजवळ पावशेर मिरच्या जास्तीच्या घेऊन आले, नुसत्या शरमेनं.

पुरणपोळी_प्रेमी
आमच्या सासऱ्यांची कवळी रात्री पेल्यात असते. तीन वर्षांच्या पुतण्यानं बालवाडीत सगळ्यांना सांगितलं, "माझे आजोबा दात काढून पाणी पाजतात." बाई फोन करून विचारत होत्या, घरी सगळं ठीक आहे ना.

म्युनिकची_मावशी
दात पाणी पितात! हहपुवा!

इकडचा अनुभव सांगते. लेक पावणेतीन वर्षांची, किटात म्हणजे इथल्या पाळणाघरात जाते. (जर्मनीत 1 ऑगस्ट 2013 पासून वर्षाच्या वरच्या प्रत्येक मुलाला अशा जागेचा कायदेशीर हक्क आहे. हक्क आहे, जागा मिळेल असं नाही. आम्ही प्रतीक्षा यादीत म्हातारे होणार होतो.) तिथं मुलं बुटक्या टेबलाशी बसतात, छोट्या जगमधून आपलं पाणी आपण ओततात, हवं तेवढं वाढून घेतात. कुणी भरवत नाही, कुणी "अजून एक" म्हणत नाही. सांडलं तर फडकं हातात देतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ही नक्की माझीच मुलगी ना? कारण हीच बया घरी येऊन सोफ्यावर आडवी होते आणि आ करते. घरी आई आहे, तिथे नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

तिथं जेवणाआधी सगळी मुलं हात धरतात आणि "पीप पीप पीप, गुटन आपेटिट" (म्हणजे छान जेवा) म्हणून ओरडतात. मे महिन्यात सांगलीला मामेभावाच्या मुंजीला गेलो होतो. पंगत बसली, श्लोक सुरू होणार, तेवढ्यात हिनं डावीकडे गुरुजींचा आणि उजवीकडे माझ्या चुलतसासऱ्यांचा हात पकडला. गुरुजी सोवळ्यात! आख्ख्या पंगतीला शांत करून पीप पीप झालं. गुरुजी भला माणूस, हसून म्हणाले, "झालं का? आता आमचं म्हणू?" आणि परत हात धुवायला उठले.

डॉ_फुंकर
म्युनिकची_मावशी, तुमची किटा जे करते त्याला नियमाचं रूप एलिन सॅटर या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी दिलंय. काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलानं. ऐकायला सोपं आहे. आपल्याकडे गाडी 'किती'वर येऊन अडते, ते आजींनी वर लिहिलंच आहे.

चुलीवरचं_पिठलं
माझी आई जुन्नर तालुक्यात अंगणवाडी सेविका होती, आता निवृत्त. "मूल जेवत नाही" म्हणून बायका यायच्या तर ती वाद घालत नसे. मुलाच्या डाव्या दंडावर पट्टी गुंडाळायची. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध. सहा महिने ते पाच वर्षं वयाला दंडाचा घेर 12.5 सेंटीमीटरच्या वर असेल तर हिरवा, 11.5 ते 12.5 पिवळा, त्याच्या खाली लाल. हिरव्यात असलं की म्हणायची, "जा घरी, आणि वाटी घेऊन पळू नकोस." पिवळ्यात असलं की आवाज बदलायचा. लालात असलं की हातातलं काम टाकून स्वतः त्या मुलाला घेऊन आरोग्य केंद्रात जायची. एकदा नेऊन आणलेल्या मुलाच्या घरी मग संध्याकाळी चक्कर असायची, चुलीवर काय शिजलंय ते बघायला.

आम्हा शहरातल्यांचं जेवत नाही आणि तिच्या वाडीवरचं जेवत नाही, यात फार अंतर आहे, एवढंच सांगायचं होतं. गमतीत मीठ टाकलं असेल तर दिवा घ्या (म्हणजे मनावर घेऊ नका).

आजी_ऑन_ड्यूटी
मीठ कसलं, बरं झालं लिहिलंत. आईंना नमस्कार सांगा.

तांबडा_पांढरा
डॉक्टर, आमचं बेणं हिरव्यातच असणार. दंड माझ्यापेक्षा जाड हाय.

सूनबाई_सुपरफास्ट
एक विचारू? एवढे प्रतिसाद झाले, सासू आली, आजी आली, जर्मनीची मावशी आली. चिंगीचे बाबा कुठे आहेत?

पाणीपुरी_तिखट
बाबा "हसलो" मध्ये आहेत. तिघांपैकी तिसरे. त्यांचं काम खिडकीतून कावळा दाखवणं.

स्वयंपाकी_बाबा
अहो, मी बाबाच आहे! माझी शिफ्ट दुपारी सुरू होते, म्हणून सकाळचं जेवण माझ्याकडे. मुलगा दोन वर्षांचा. तो त्याच्या हातानं जेवतो, तेव्हा त्याबद्दल लिहितो.

सुरुवातीला जमिनीवर जुनी चादर अंथरायची, वर्तमानपत्र नको, ते ओलं होऊन फरशीला चिकटतं आणि मूल कागद खातं. अंगात कपडे कमीत कमी. ताट जड पाहिजे, स्टीलची हलकी ताटली तो डोक्यावर टोपीसारखी घालतो. वरणभात पातळ नको, घट्ट कालवायचा, म्हणजे मुठीत राहतो. त्यालाच द्यायचा, पण सगळा एकदम नाही, दोन-दोन चमचे. आणि आपण त्याच्याकडे टक लावून न बघता शेजारी बसून आपलं खायचं. हे सगळ्यात अवघड. वाटाण्याएवढा एक भाताचा कण तो चिमटीत पकडतो, डोळे तिरळे होईपर्यंत जवळ आणून बघतो, मग कानाला लावतो, मग खातो. एका कणाला दोन मिनिटं. माझा हात शिवशिवत असतो.

सांडलेला भात लगेच पुसू नका. ओला भात पुसला की खळ होते आणि सगळीकडे पसरते. तासाभरानं वाळला की झाडूनं खडखडीत निघतो. ही विद्या मला कुठल्याही पुस्तकात मिळाली नाही.

केसांत गेलेल्या वरणावर उपाय नाही. आंघोळ जेवणानंतर ठेवा.

गोधडी
"मग कानाला लावतो"!!! भात काय म्हणाला?

स्वयंपाकी_बाबा
म्हणाला, तूप कमी आहे.

शेवगा_शेंग
स्वयंपाकात हाताशी घेतलं तर खातात, हा माझा अनुभव. थालीपीठ थापायला दिलं. त्यानं ओल्या फडक्यावर इतकं थापलं की मधे भोकंच भोकं. भाजल्यावर ते जाळीदार प्रकरण "माझं, माझं" करत सगळं खाल्लं. कांदा-कोथिंबिरीसकट! ताटात वाढलेली कोथिंबीर एरवी चिमट्यानं पुरावा गोळा केल्यासारखी बाजूला काढतो.

निवांत_नानी
मोबाईलबद्दल कुणीच धड बोललं नाही म्हणून लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलेलं आहे की दोन वर्षांच्या आत बसून स्क्रीन बघणं नकोच, दोन ते चार वर्षं दिवसाला फार तर एक तास, आणि कमी असेल तर उत्तम. जेवतानाचं नुकसान वेगळंच. पोट भरलं हे मुलाला कळतच नाही, नजर तिकडे आणि तोंड इकडे. चव कळत नाही, चावणं होत नाही.

हे मला मान्य असूनही आमच्या घरी काय झालं ते सांगते. नात गोष्टीच्या वयाला आली म्हणून मी रंगवून राजाराणीची गोष्ट सांगत होते. मधेच दाराची बेल वाजली, मी उठले. ती आईला म्हणाली, "थांब, जाहिरात लागली." परत येऊन सांगायला लागले तर माझ्या कपाळावर टिकली लावतात तिथं बोट दाबून म्हणते, "पुढे."

रिकामटेकडा
नानी, तुमचं प्रीमियम सबस्क्रिप्शन घ्यायला सांगा. बेल वाजणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडं भितीवर पणजोबाचा फोटो हाये, हारवाला. पोट्टं त्याच्यावर बोट घासून पुढचा फोटो पाह्यला मांगते. पणजोबा काही सरकत नाही.

कंदी_पेढा
एक निरीक्षण. जानेवारीत लेकीचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळा थाट. डोक्यावरून बोरं-चुरमुरे-उसाचे तुकडे ओतले आणि बाईसाहेब खाली बसून सतरंजीवरचं एकेक वेचून खायला लागल्या. ज्या मुलीला ताटातला शिरा चालत नाही तिनं सतरंजीवरचे चुरमुरे शेजारच्या मुलाच्या हातातून हिसकावून खाल्ले. तेव्हापासून सासूबाई पोळीचे तुकडे मुद्दाम चटईवर "अरेच्चा, सांडलं वाटतं" म्हणून टाकतात. चालतंय!

डॉ_फुंकर
चटई स्वच्छ ठेवा म्हणजे झालं. पण बोरन्हाण झालं की बोरं, हरभरे, हलव्याचे दाणे आधी उचलून घ्या. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्षं चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नका. शेंगदाण्याचं कूट चालेल, द्राक्षं उभी चिरून द्या. श्वासनलिकेत अडकलेला दाणा रात्री दोन वाजता काढणं कुणालाच नको असतं. आणि घास तोंडात असताना पळणं आणि हसवणं बंद, सोफ्यामागच्या सगळ्या मंडळींना सांगतोय.

स्पष्टवक्ता६१
मघाशी चोचले म्हणालो. आज नातू आलाय मुक्कामाला. सौ. म्हणाल्या, तुम्ही भरवा, फार बोलता. माझ्या हातून दोन घास खाल्ले आणि मग माझ्याच तोंडात घास कोंबत बसला. "आजोबांचा घास, आजोबांचा घास" करत पूर्ण वाटी मला भरवली. माझं रात्रीचं जेवण साडेसहाला झालं आहे. धाग्याला सादर.

गोधडी
काका! आता पुढच्या वेळेपर्यंत तसंच.

सूनबाई_सुपरफास्ट
वाढलं की वाढलं, काका. नियम म्हणजे नियम.

पाणीपुरी_तिखट
अपडेट देते. आजी_ऑन_ड्यूटी यांचा प्रतिसाद मी आईंना वाचून दाखवला. जरा धाकधूक होती. त्यांनी शांतपणे ऐकला, परत एकदा वाचायला लावला आणि म्हणाल्या, "ह्या बाई राहतात कुठे?" आजी, त्यांना तुमच्याशी बोलायचंय. गुडघ्यांबद्दल सुद्धा.

"कमी जेवली तरी चालेल" म्हटल्यावर त्यांनी लगेच विश्वास ठेवला नाही. मी संध्याकाळी आल्यावर दोन-तीनदा आपणहून सांगायला आल्या, मी विषय बदलला. मग त्याच म्हणाल्या, दुपारी एकदा हातानं खाऊन बघू दे, चादर टाकते. आता दुपारी मोबाईल बंद आहे. चिंगी खाली मांडी घालून बसते, निम्मं खाते, निम्मं मांडीत पडतं, आणि आई शेजारी बसून आपली पोळीभाजी खातात. एरवी त्या तीनला जेवायच्या, ती झोपल्यावर, गार. हे मला आत्ता कळलं.

रात्रीचा मोबाईल अजून सुटलेला नाही. कारण रात्री भरवतात ते कावळेवाले बाबा. त्यांना हा धागा वाचायला दिलाय, ते पहिल्या प्रतिसादापाशीच हसत बसलेत.

आणि हो, काल इस्त्रीवाले कपडे घेऊन आले. चिंगी आतून मुठीत भात घेऊन धावत गेली आणि त्यांच्या हातात ठेवला. तो इस्त्री केलेल्या माझ्या पांढऱ्या कुर्त्यावरून घरंगळत गेला.

आजी_ऑन_ड्यूटी
ठाण्याला राहते हो, तुमच्यापासून लांब नाही. संपर्कातून निरोप पाठवते. गुडघ्यांसाठी कोपऱ्यावरच्या खुर्चीत बसून भरवायचं, सोफ्यामागे वाकायचं नाही, एवढं आत्ताच सांगा त्यांना.

रिकामटेकडा
कुर्त्यावरचा भात वाळू द्या. स्वयंपाकी_बाबा सांगून गेलेत.

पुरणपोळी_प्रेमी
इथं विचारायला संकोच वाटतोय, पण पुतण्या शी फक्त पलंगाखाली बसूनच करतो. पॉटी सीट आणली तर त्यात गाड्या पार्क करतो. कुणाचा अनुभव?

म्युनिकची_मावशी
माझ्याकडे आहे. भरपूर आहे.

गोधडी
नवा धागा काढा हो, इथं लोक जेवतायत!